टाइम इन रेंज : छेदाचा हिशेब (प्रकल्प नोंदी)

४ फेब्रुवारी : काय मोजायचे

सीजीएमची (त्वचेखालचे ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजणाऱ्या सेन्सरची) उतरवलेली फाइल घ्यायची आणि तिच्यातून टाइम इन रेंजचा, म्हणजे शुगर ठरलेल्या मर्यादेत किती टक्के वेळ राहिली याचा, एका पानाचा अहवाल काढायचा, एवढेच या प्रोग्रामचे काम. पायथन ही भाषा आणि तिचे पँडाज हे तक्ते हाताळायचे साधन पुरेसे आहे. गणित शाळेतले आहे. घोळ होतो तो भागाकाराच्या आधी: कुठले रीडिंग मोजले, कुठले वाटेत गळाले आणि शेवटी कशाने भागले. त्यामुळे या नोंदींत अंशापेक्षा छेदाबद्दलच जास्त येईल.

ग्लुकोजचे पट्टे २०१९ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीप्रमाणे पाच, मिग्रॅ/डेलिमध्ये: ५४ च्या खाली, ५४ ते ६९, ७० ते १८०, १८१ ते २५०, २५० च्या वर. ७० आणि १८० हे दोन्ही आकडे रेंजच्या आत धरायचे. टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य असे: रेंजमध्ये ७०% पेक्षा जास्त, ७० च्या खाली ४% पेक्षा कमी, त्यातले ५४ च्या खाली १% पेक्षा कमी, १८० च्या वर २५% पेक्षा कमी, त्यातले २५० च्या वर ५% पेक्षा कमी. यातला ‘त्यातले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ४% च्या लक्ष्यात ५४ खालचा वेळही धरलेला असतो. ५४ ते ६९ हा पट्टा एकटाच ४% शी ताडला, तर लो (७० च्या खालचा) वेळ आहे त्याहून कमी दिसतो.

प्रत्येक टक्क्याशेजारी मिनिटे छापायची. दिवसाची मिनिटे १४४०, म्हणजे १% = १४ मिनिटे २४ सेकंद. ७०% म्हणजे १६ तास ४८ मिनिटे, २५% म्हणजे ६ तास, ५% म्हणजे १ तास १२ मिनिटे, ४% म्हणजे जेमतेम ५८ मिनिटे. ‘लो ४%’ वाचून काही कळत नाही. ‘रोज जवळजवळ तासभर लो’ म्हटले की लगेच कळते.

६ फेब्रुवारी : एकक बदलले की सीमा सरकते

फाइल मिग्रॅमध्ये आहे की मिलिमोलमध्ये (मिलिमोल/लिटर, ग्लुकोजचे दुसरे एकक), हे ओळखणे सोपे आहे. सेन्सर ४० मिग्रॅच्या खाली आकडा देत नाही आणि ५०० मिग्रॅ म्हणजे २७.८ मिलिमोल. सगळे आकडे ३० च्या आत असतील तर फाइल मिलिमोलची. दोन्ही एककांचे आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतच नाहीत. स्तंभाच्या शीर्षकाशीही ताडून घ्यायचे.

खरी अडचण रूपांतरात आहे. सगळे आकडे १८.०१८२ ने गुणून मिग्रॅमध्ये आणावेत आणि एकच नियम लावावा, हा मोह होतो. तसे केले की १०.० मिलिमोल होते १८०.१८, आणि ‘१८० पेक्षा मोठे’ या अटीत ते हाय ठरते. वास्तविक १०.० रेंजच्या आत आहे. १३.९ चे २५०.४५ होऊन ते वरच्या पट्ट्यात उडी मारते. १८ ने गुणले तर १०.० वाचते, पण १३.९ चे २५०.२ होतेच. उलट दिशेने खालच्या सीमा मोडतात: ७० मिग्रॅला १८.०१८२ ने भागले की ३.८८५ येते आणि ३.९ च्या सीमेखाली जाऊन ते लो ठरते. ५४ चे २.९९७ होऊन ते ३.० च्या खाली जाते.

मिलिमोलच्या फाइलमध्ये एकच दशांश असल्याने १०.० हा नेमका आकडा बऱ्याचदा येतो. म्हणून फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

निर्णय: फाइल ज्या एककात आली त्याच एककात पट्टे पाडायचे. मिलिमोलसाठी सीमा: ३.० खाली, ३.० ते ३.८, ३.९ ते १०.०, १०.१ ते १३.९, १३.९ च्या वर. रूपांतर फक्त सरासरीसाठी, तेही सगळ्यात शेवटी.

७ फेब्रुवारी : ‘लो’ आणि ‘हाय’ हे शब्द

सेन्सरच्या मोजपट्टीला दोन्ही टोके असतात. खालचे टोक साधारणपणे ४०. वरचे काही सेन्सरांत ४००, काहींत ५००. त्यापलीकडे फाइलमध्ये आकड्याऐवजी शब्द येतो. डेक्सकॉम सेन्सरच्या क्लॅरिटी या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’, लिब्रे सेन्सरच्या लिब्रेव्ह्यूच्या फाइलमध्ये त्यांची दोन अक्षरी रूपे.

पँडाजला ‘आकडा नसेल तर रिकामे ठेव’ असे सांगून स्तंभ वाचला, की हे शब्द चूपचाप रिकाम्या जागा होतात आणि पुढच्या पायरीला ओळीच गळतात. इशारा येत नाही, प्रोग्राम अडत नाही. जी रीडिंग सगळ्यात धोक्याची, नेमकी तीच अंशातूनही जातात आणि छेदातूनही.

चाचणीसाठी कृत्रिम फाइल केली. पाच मिनिटांना एक या हिशेबाने दिवसाला २८८, १४ दिवसांची ४०३२ रीडिंग. त्यात ‘लो’ शब्दाची ४० आणि ५४ खालच्या आकड्यांची १६. बरोबर उत्तर ५६ ÷ ४०३२ = १.३९%, म्हणजे १% च्या लक्ष्याबाहेर. शब्द गाळले तर १६ ÷ ३९९२ = ०.४०%, म्हणजे लक्ष्याच्या बरेच आत. फाइल तीच, निष्कर्ष उलटा.

निर्णय: पट्टे पाडताना ‘लो’ = ३९ आणि ‘हाय’ = मोजपट्टीच्या वरच्या टोकापेक्षा एक जास्त. सरासरी आणि प्रमाण विचलनासाठी टोकाचाच आकडा घ्यायचा (४०, ४०० किंवा ५००), आणि अशी रीडिंग किती होती ते अहवालात लिहायचे. खूप ‘हाय’ असलेल्या फाइलमध्ये सरासरी खऱ्यापेक्षा कमी दिसणार, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. टीआयआरवर (टाइम इन रेंजवर) याचा परिणाम होत नाही; पट्टेवारीचा हा मोठा फायदा.

११ फेब्रुवारी : कुठल्या ओळी घ्यायच्या

क्लॅरिटीच्या फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत नाव, जन्मतारीख आणि अलार्मच्या सेटिंग असतात, त्यानंतर रीडिंग. वरच्या ओळी वाचतानाच टाकून द्यायच्या, म्हणजे गणित चुकत नाही आणि नावही पुढे जात नाही. घटनेच्या प्रकाराचा स्तंभ पाहून फक्त सेन्सर-ग्लुकोजच्या ओळी ठेवायच्या. कॅलिब्रेशनची (सेन्सर जुळवण्यासाठी भरलेली बोटातल्या रक्ताची) रीडिंग त्याच आकड्यांच्या स्तंभात बसलेली असतात आणि नजरेतून सुटतात.

लिब्रेव्ह्यूच्या फाइलमध्ये नोंदीचा प्रकार ० म्हणजे सेन्सरने आपणहून १५ मिनिटांनी साठवलेले रीडिंग आणि १ म्हणजे स्कॅन, माणसाने स्वतः फोन किंवा रीडर सेन्सरजवळ धरून घेतलेले रीडिंग. टीआयआरसाठी फक्त ० घ्यायचा. माणूस स्कॅन करतो ते घाम फुटला, हात थरथरले किंवा जेवण झाल्यावर शंका आली तेव्हा. स्कॅन मिसळले की त्या क्षणांना नसते वजन मिळते.

तारखेचा क्रमही तपासायचा. ०३-०४ हे ३ एप्रिल की ४ मार्च, हे एका ओळीवरून ठरत नाही. दोन्ही पद्धतींनी वाचून पाहायचे. ज्यात सलग दिवस येतात ती पद्धत बरोबर. चुकीच्या पद्धतीत दिवस महिनोन्‌महिने विखुरतात आणि १२ नंतरच्या तारखा वाचताच येत नाहीत.

फोन आणि रिसीव्हर दोन्ही वापरात असतील तर एकच रीडिंग दोनदा, काही सेकंदांच्या फरकाने येऊ शकते. वेळ जवळच्या पाच मिनिटांच्या खणात बसवून खणात एकच रीडिंग ठेवायचे.

कालावधीच्या मध्यात सेन्सर बदलला असेल तर रीडिंग नुसती मोजून चालत नाही. समजा ७ दिवस पाच मिनिटांचा सेन्सर (२०१६ रीडिंग, ८०% रेंजमध्ये) आणि ७ दिवस पंधरा मिनिटांचा (६७२ रीडिंग, ६०% रेंजमध्ये). रीडिंग मोजून उत्तर ७५% येते, वेळ मोजून ७०%. नाव ‘टाइम’ इन रेंज आहे, म्हणून प्रत्येक रीडिंगला त्याच्या अंतराइतक्या मिनिटांचे वजन द्यायचे.

१५ फेब्रुवारी : न आलेली रीडिंग

प्रकल्पातला सगळ्यात मोठा भाग हाच.

सगळे नेहमीचे अहवाल टीआयआर काढताना आलेल्या रीडिंगनी भागतात. न आलेली रीडिंगही आलेल्यांसारखीच असतील, असे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते. म्हणून सहमतीत १४ दिवस आणि किमान ७०% डेटा ही अट आहे: ४०३२ पैकी किमान २८२३ रीडिंग. अट चांगली आहे, पण एकटी पुरत नाही.

उदाहरण असे. रोज रात्री १२ ते सकाळी ६ एकही रीडिंग नाही, बाकी १८ तास पूर्ण. कव्हरेज, म्हणजे अपेक्षित रीडिंगपैकी आलेली, १८ ÷ २४ = ७५%. अट पार! दिवसाच्या त्या १८ तासांत ८०% वेळ रेंजमध्ये असेल तर अहवाल ८०% दाखवतो. त्या सहा तासांत शुगर सतत १८० च्या वर असेल तर खरे उत्तर ६०%. सतत ७० च्या खाली असेल तरीही ६०%, आणि ती गोष्ट कितीतरी गंभीर.

आणि रात्रच जास्त गळते, याला कारणे आहेत. ब्लूटूथचा पल्ला सेन्सरप्रमाणे साधारण ६ ते १० मीटर, तोही मधे भिंत किंवा स्वतःचे शरीर आले की घटतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला राहिला की सिग्नल तुटतो. जोडणी परत आली की सेन्सर साठवलेली रीडिंग पाठवतो, पण साठा मर्यादित: डेक्सकॉम जी६ चा ३ तासांचा, जी७ चा २४ तासांचा, लिब्रे २ चा ८ तासांचा. ज्या लिब्रेत स्कॅन करूनच डेटा उतरतो, तिथे रात्री १० ला शेवटचा स्कॅन आणि सकाळी ८ ला पुढचा असेल तर १० ते १२ ही दोन तासांची खिडकी रोज, नेमाने, त्याच जागी रिकामी राहते. रात्रीच्या जेवणानंतरची चढती शुगर बऱ्याचदा त्याच खिडकीत असते.

याशिवाय वॉर्म-अप, म्हणजे नवा सेन्सर लावल्यापासून रीडिंग सुरू होईपर्यंतचा वेळ. जी६ ला २ तास, जी७ ला सुमारे अर्धा तास, लिब्रे २ ला १ तास. हे थोडे असते, पण सेन्सर ठरावीक वेळेलाच बदलायची सवय असेल तर तेही एकाच तासावर येऊन बसते.

ठरवले ते:

१. एकूण कव्हरेजशेजारी २४ तासांचे वेगवेगळे कव्हरेज. कुठल्याही तासाचे ५०% खाली गेले तर तो तास अहवालाच्या डोक्यावर नावानिशी.

२. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. दोन टोकांमध्ये सरळ रेष ओढली की मधला चढउतार पुसला जातो. ११० आणि १२० च्या मध्ये तीन तास रिकामे असतील तर सरळ रेष सांगेल की सगळा वेळ रेंजमध्ये. तिथे काय झाले ते त्या फाइलला माहीतच नाही.

३. टीआयआर तीन आकड्यांत छापायचा: आलेल्या रीडिंगवरून, न आलेली सगळी बाहेर धरून आणि न आलेली सगळी आत धरून. कव्हरेज ९०% आणि टीआयआर ७०% असेल तर ६३% ते ७३%. वरच्या रात्रीच्या उदाहरणात ६०% ते ८५%. ही रुंदी पाहिली की फाइलवर किती भरवसा ठेवायचा ते आपोआप कळते.

४. प्रत्येक तासात थोडीतरी रीडिंग असतील तर प्रत्येक तासाचा टीआयआर वेगळा काढून २४ आकड्यांची सरासरीही द्यायची. नेहमीच्या आकड्यापेक्षा ती बरीच वेगळी आली, तर गळती काही ठरावीक तासांतच होते आहे.

१६ फेब्रुवारी : घड्याळ

फोनची वेळ बदलली की फाइलमध्ये एखादा तास दोनदा येतो किंवा एखादा गायब होतो. जी६ च्या फाइलमध्ये ट्रान्समीटरचे स्वतःचे सेकंदांचे घड्याळ वेगळ्या स्तंभात असते. कालावधी आणि कव्हरेज त्यावरून काढायचे, आणि ‘रात्र’ की ‘दिवस’ हे मात्र फोनच्या वेळेवरून.

१९ फेब्रुवारी : झोपेतल्या खोट्या लो

सेन्सर असलेल्या कुशीवर झोपले की तिथल्या ऊतीवर दाब येतो, पेशींभोवतीच्या द्रवाचा प्रवाह घटतो आणि सेन्सर खोटी लो दाखवतो. पहाटे ३:१० पासून पाच-पाच मिनिटांची रीडिंग अशी दिसतात: ११२, १०८, ८१, ५८, ४७, ४६, ४९, ८८, १०९. उतार कड्यासारखा, तळ सपाट, आणि कूस बदलताच जवळपास आधीच्याच पातळीवर परत. खऱ्या लोतून साखर खाऊन वर येताना चढ सहसा संथ असतो, आणि सेन्सर रक्तातल्या ग्लुकोजच्या ५ ते १० मिनिटे मागे असतो, त्यामुळे तो आणखी उशिरा दिसतो.

ओळखण्यासाठी आमचा निकष: लागोपाठच्या दोन रीडिंगमध्ये २० किंवा जास्त उतार, ७० च्या खाली मुक्काम, मग दोन रीडिंगच्या आत ३० किंवा जास्त चढ, आणि आधीच्या व नंतरच्या पातळीत २० पेक्षा कमी फरक. वरची मालिका यात बसते: १०८ वरून ८१, ४९ वरून ८८, आणि १०८ विरुद्ध १०९.

अशा रीडिंगवर खूण करायची, पुसायची नाहीत. लो वेळ खुणेसह आणि खुणेविना, असा दोन्ही आकड्यांत द्यायचा. इन्सुलिनने खरोखर पडलेली आणि चटकन गोड खाऊन सावरलेली शुगरही कधीकधी असाच आकार घेते, आणि ती पुसणारा प्रोग्राम माणसाला गाफील ठेवतो. त्या क्षणी खात्री करायची तर बोटातल्या रक्ताची तपासणी हाच उपाय.

७० च्या आसपास सेन्सरची अचूकताही लक्षात घ्यायला हवी. ६७ आणि ७२ यांतला फरक कुठल्याच सेन्सरला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सीमा ६५ आणि ७५ वर सरकवून लो टक्का पुन्हा काढायचा. ३% चे ६५ ला १% आणि ७५ ला ७% होत असेल, तर ती शुगर सीमारेषेवर रेंगाळणारी आहे. तिन्ही ठिकाणी ३% च्या जवळ असेल तर लो कमी वेळ आहेत, पण खोल आहेत. सल्ला दोन्हींत वेगळा असतो.

२० फेब्रुवारी : दोन पंधरवड्यांची तुलना

‘६८ वरून ७१ झाले’ याला कधी अर्थ आहे?

४०३२ रीडिंग आहेत म्हणून आकडा अगदी पक्का, असे वाटते. स्वतंत्र रीडिंगचे सूत्र लावले तर ७०% ची प्रमाण त्रुटी फक्त ०.७२ टक्काबिंदू येते. पण पाच मिनिटांपूर्वीचे रीडिंग आताच्या रीडिंगची जवळजवळ नक्कल असते. खरी स्वतंत्र गोष्ट म्हणजे दिवस, आणि दिवस १४ च आहेत. रोजच्या टीआयआरचे प्रमाण विचलन १२ बिंदू असेल तर त्रुटी १२ ÷ √१४ = ३.२, म्हणजे ९५% पट्टा साधारण ± ७ बिंदू.

प्रोग्राममध्ये यासाठी अख्खे दिवस उचलून बूटस्ट्रॅप लावला: १४ दिवसांतून पुन्हापुन्हा १४ दिवस निवडायचे (एक दिवस अनेकदा येऊ शकतो), प्रत्येक वेळी टीआयआर काढायचा, २००० फेऱ्या. सुटी रीडिंग उचलली तर पट्टा खोटा अरुंद येतो.

सहमतीनुसार टीआयआरमधली ५ बिंदूंची वाढही फायद्याची आहे. ती दीर्घकाळ टिकणारी वाढ. एका पंधरवड्यात ३ बिंदूंनी खूश किंवा हताश होण्याचे कारण नाही, आणि हे वाक्य अहवालात साध्या शब्दांत छापायचे ठरले.

२४ फेब्रुवारी : टीआयआर एकटा वाचू नये

दोन कृत्रिम फाइली, दोन्हींत टीआयआर ७०%. पहिली: ५४ खाली ०, ५४–६९ मध्ये १, १८१–२५० मध्ये २५, २५० वर ४. दुसरी: ३, ५, २०, २. टीआयआर सारखा, पण दुसऱ्या फाइलमध्ये रोज ४३ मिनिटे शुगर ५४ च्या खाली.

२०२२ मध्ये आलेला जीआरआय हा जोखीम निर्देशांक हा फरक दाखवतो: ३.० × (५४ खाली) + २.४ × (५४–६९) + १.६ × (२५० वर) + ०.८ × (१८१–२५०), कमाल १००. पहिलीचा २८.८, दुसरीचा ४०.२. सूत्रात ‘५४–६९’ च्या जागी ‘७० खाली’ चा एकूण टक्का गेला तर दुसरीचा ४७.४ होतो, कारण ५४ खालचे ३% दोनदा मोजले जातात. इथे पट्ट्यांचे आणि लक्ष्यांचे स्तंभ वेगळ्या नावांनी ठेवणे हाच बंदोबस्त.

चढउतारासाठी सीव्ही: प्रमाण विचलन ÷ सरासरी × १००, ३६% पर्यंत स्थिर मानतात. सरासरी १५० ला विचलन ५४ म्हणजे बरोबर ३६%.

जीएमआय (सरासरी ग्लुकोजवरून काढलेला एचबीए१सीचा अंदाज) = ३.३१ + ०.०२३९२ × सरासरी (मिग्रॅ). सरासरी १५० ला ६.९, १५४ ला ७.०. याला ‘एचबीए१सी’ (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) म्हणून छापू नये. तांबड्या पेशींचे आयुष्य कमीजास्त असेल, रक्तक्षय असेल, तर प्रयोगशाळेतला आकडा जीएमआयपेक्षा सातत्याने वेगळा येतो आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

२७ फेब्रुवारी : छपाई

पानाचा क्रम: आधी कव्हरेज, मग लो, मग टीआयआर, मग हाय, शेवटी सरासरी, सीव्ही, जीएमआय. टीआयआर ठळक अक्षरांत सगळ्यात वर ठेवला की लोक खाली वाचतच नाहीत.

पूर्णांकात पाचही टक्के वेगवेगळे गोलावले तर बेरीज ९९ किंवा १०१ होऊ शकते. आधी सगळ्यांचा पूर्ण भाग घ्यायचा, मग उरलेले टक्के ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना क्रमाने वाटायचे. लो पट्ट्यांत मात्र ०.४% चे ० कधीच छापायचे नाही. ‘१% पेक्षा कमी, दिवसाला सुमारे ६ मिनिटे’ असे लिहायचे.

वयस्कर किंवा जास्त जोखमीच्या व्यक्तींसाठी लक्ष्ये बदलतात: रेंजमध्ये ५०% पेक्षा जास्त, ७० खाली १% पेक्षा कमी, २५० वर १०% पेक्षा कमी. गर्भावस्थेत पट्टेच बदलतात. टाइप १ असलेल्या गर्भवतीसाठी रेंज ६३ ते १४०. त्यात ७०% पेक्षा जास्त, ६३ खाली ४% पेक्षा कमी, ५४ खाली १% पेक्षा कमी, १४० वर २५% पेक्षा कमी. म्हणून हा पर्याय फाइल वाचण्याआधी विचारायचा. नेहमीच्या पट्ट्यांवर गर्भावस्थेचे लक्ष्य लावता येईल अशी वाट प्रोग्राममध्ये ठेवलेली नाही.

लोच्या घटना मोजताना नियम: सलग १५ मिनिटे सीमेखाली गेली की घटना सुरू, सलग १५ मिनिटे ७० किंवा वर राहिली की संपली. पाच मिनिटांच्या फाइलमध्ये त्यासाठी लागोपाठ तीन रीडिंग लागतात. पंधरा मिनिटांच्या फाइलमध्ये एकच रीडिंग मिळते आणि तेवढ्यावर सुरुवात-शेवट ठरत नाही. तिथे घटनांचा रकाना रिकामा ठेवून फक्त मिनिटे दिली आहेत. मधे रीडिंग गळालेली घटना ‘अपूर्ण’ म्हणून वेगळी मोजायची.